वाचक विचारतात : प्रजनन मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवताना

शुक्राणू ज्या मूलपेशींपासून घडतात त्या काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या ताटलीत वाढवण्याबद्दल बरेच प्रश्न आले. काही प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांचे आहेत, काही निव्वळ कुतूहलाचे आणि एक एका आईचा. निवडक प्रश्न संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहोत. वेगळा उल्लेख नसेल तिथे आकडे उंदरांच्या पेशींचे आहेत, कारण ही पद्धत सर्वांत भक्कम पायावर उभी आहे ती उंदरांतच.

प्रश्न : प्रजनन मूलपेशी म्हणजे नेमक्या कोणत्या? शरीराबाहेर त्या वाढवणं अवघड का मानतात?

उत्तर : वृषणातल्या शुक्रनलिकांच्या भिंतीला आतून टेकून काही पेशी असतात. त्या आयुष्यभर दोन कामं करतात : स्वतःची संख्या राखायची आणि शुक्राणू होण्याच्या वाटेवर नव्या पेशी पाठवत राहायचं. या शुक्रजनक मूलपेशी. उंदराच्या एका वृषणात त्या सुमारे 35,000 असतात असा अंदाज आहे. सगळ्या जननपेशींच्या तुलनेत हे प्रमाण साधारण 0.03 टक्के, म्हणजे दहा हजारांत तीन पेशी.

त्या विरळ तर आहेतच, शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या लगतच्या पिढीपेक्षा वेगळ्या दिसत नाहीत. आणि वाटेला लागलेली पेशी परत मूलपेशी होईल याचा भरवसा नसतो. म्हणून ताटलीत पेशींची संख्या वाढणं ही एक गोष्ट आणि त्यातल्या मूलपेशी टिकणं ही दुसरी. बहुतेक अपयश या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे येतं, आणि पुढच्या उत्तरांमध्ये हा मुद्दा वारंवार येईल.

1994 साली राल्फ ब्रिन्स्टर यांच्या गटाने दात्या उंदराच्या वृषणातल्या पेशी दुसऱ्या उंदराच्या वृषणात रोपून शुक्राणुनिर्मिती सुरू करून दाखवली. मूलपेशी ओळखण्याची खात्रीची कसोटी त्यातून मिळाली. ताटलीत दीर्घकाळ वाढ मात्र 2003 मध्ये जमली, ती क्योतो विद्यापीठातल्या मितो कानात्सु-शिनोहारा आणि ताकाशी शिनोहारा यांच्या गटाला. पुढच्याच वर्षी हिरोशी कुबोता, मेरी अव्हारबॉक आणि ब्रिन्स्टर यांनी कोणते वाढघटक (पेशींना वाढीचा इशारा देणारी प्रथिनं) अपरिहार्य आहेत ते वेगळं करून दाखवलं. आजच्या जवळजवळ सगळ्या पद्धती या दोन कामांवर बेतलेल्या आहेत.

अंडाशयात जन्मानंतरही अशा मूलपेशी असतात का, हा वाद 2004 पासून चालू आहे आणि अजून मिटलेला नाही. म्हणून इथे आम्ही नराच्या पेशींबद्दलच बोलतो आहोत. शेवटच्या उत्तरात पक्ष्यांच्या आदिम जननपेशी (भ्रूणातल्या, ज्यांपासून पुढे शुक्राणू किंवा अंडी घडतात) येतील, तेवढा अपवाद.

प्रश्न : मी पीएचडीची विद्यार्थिनी आहे. सुरुवातीला छान पुंजके दिसतात, पण तिसऱ्या-चौथ्या पॅसेजपर्यंत (पेशी सुट्या करून नव्या जागी हलवण्याच्या फेरीपर्यंत) लांबट, पसरलेल्या पेशी सगळी वेल (प्लेटमधला खळगा) व्यापतात आणि पुंजके नाहीसे होतात. वाढघटक बदलून पाहिले, उपयोग झाला नाही. कुठे चुकतं आहे?

उत्तर : तुम्ही वर्णन केलेल्या लांबट पेशी बहुधा वृषणातल्याच कायिक (म्हणजे जननपेशी नसलेल्या) पेशी आहेत : नलिकांभोवतीच्या स्नायूसदृश पेशी, फायब्रोब्लास्ट (ऊतींना जोडून ठेवणाऱ्या पेशी), जननपेशींना आधार देणाऱ्या काही सर्टोली पेशी. मूलपेशी पाच-सहा दिवसांत एकदा दुप्पट होतात. फायब्रोब्लास्टला तेवढा वेळ लागत नाही. पहिल्या दिवशी अशा शंभरभर पेशी आत गेल्या असतील, तर चौथ्या पॅसेजला तुम्हाला जे दिसतं तेच दिसणार. वाढघटक बदलून हे सुटणार नाही. दुरुस्ती पहिल्या दिवशीच्या कामात करावी लागेल.

आधी पिल्लांचं वय. जन्मानंतर 5 ते 8 दिवसांची पिल्लं घ्या. त्या वयात नलिकांमध्ये मुख्यतः सर्टोली पेशी आणि शुक्रजनक पेशी एवढंच असतं. अर्धसूत्री विभाजन साधारण 8 ते 10 दिवसांच्या सुमारास सुरू होतं. त्यानंतर पुढच्या टप्प्यांवरच्या जननपेशींची गर्दी वाढत जाते आणि मूलपेशींचं प्रमाण कोसळतं. प्रौढ उंदरापासूनही सुरुवात करता येते, पण पहिलाच प्रयत्न त्यापासून करू नका. वंशावळही तपासा. डीबीए/2 उंदरांच्या पेशी सहज जम धरतात, सी57बीएल/6 च्या पेशी बऱ्याच हट्टी असतात. दुसऱ्या प्रयोगशाळेची कृती तंतोतंत पाळूनही पेशी वाढत नसतील, तर त्यांनी कोणते उंदीर वापरले होते ते आधी विचारा.

मग वृषणावरचं पांढरं आवरण. ते थंड क्षारद्रावणात, सूक्ष्मदर्शकाखाली, दोन बारीक चिमट्यांनी पूर्ण सोलून काढा. आवरणाचे तुकडे म्हणजे फायब्रोब्लास्टची पेरणी. या एका पायरीवर घाई झाली की पुढचे दोन महिने ती नडते.

नलिका सुट्या करायला 0.25 टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए (पेशींमधली जोडणी सोडवणारं विकर), 37 अंश सेल्सिअसला सुमारे 5 मिनिटं. सोबत डीएनेज (डीएनए तोडणारं विकर) हवंच : 4.5 मिलिलिटर ट्रिप्सिनला 7 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं 0.5 मिलिलिटर. फुटलेल्या पेशींतला डीएनए बाहेर येऊन चिकट लाळेसारखा होतो आणि उरलेल्या पेशींना गोळा करून घेतो. पिपेटमध्ये तार सुटताना दिसली तर ट्रिप्सिन वाढवू नका, थोडं डीएनेज घाला. ट्रिप्सिनचा वेळ वाढवला की आणखी पेशी फुटतात आणि लाळही वाढते. शेवटी ट्रिप्सिन थांबवायला दहाव्या हिश्शाइतकं सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) घालून 40 मायक्रोमीटरच्या चाळणीतून गाळा.

यानंतर पेशी 30 टक्के पर्कोलच्या (घनतेनुसार पेशी वेगळ्या करणाऱ्या द्रावणाच्या) थरावर हलकेच सोडायच्या आणि 4 अंशाला 600 जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या 600 पट बलाने) 8 मिनिटं फिरवायच्या. सेंट्रिफ्यूज थांबताना ब्रेक लावू नका. जननपेशी तळाशी बसतात. मेलेल्या पेशी, कचरा आणि बऱ्याचशा कायिक पेशी वर राहतात. तळाचा भाग घेऊन 90 मायक्रोलिटरमध्ये मिसळा, थाय-1 या प्रथिनाला चिकटणारे चुंबकीय मणी 10 मायक्रोलिटर घाला, 4 अंशाला 20 मिनिटं ठेवा आणि चुंबकीय स्तंभातून जाऊ द्या. स्तंभात अडकलेल्या पेशी आपल्या.

थाय-1 हा प्रथिनखुणेचा रेणू फायब्रोब्लास्टवरही असतो, हे लक्षात असू द्या. तुमचा प्रश्न बहुधा इथेच दडला आहे. आवरण नीट न सोलता आणि पर्कोलची पायरी गाळून थेट मणी लावले, तर तुम्ही मूलपेशींबरोबर फायब्रोब्लास्टही वेचून घेता. चुंबकीय निवड ही आधीच्या दोन पायऱ्यांची भर आहे, त्यांना पर्याय नाही.

मणी परवडत नसतील तर जिलेटिनची जुनी युक्ती वापरा. 0.2 टक्के जिलेटिन लावलेल्या ताटलीत पेशी रात्रभर ठेवायच्या. कायिक पेशी घट्ट चिकटतात. जननपेशी तरंगत किंवा सैल राहतात, त्या सकाळी हलक्या हाताने काढून नव्या वेलमध्ये घालायच्या. एकदा करून पुरत नाही, सुरुवातीच्या दोन-तीन पॅसेजना पुन्हा करावं लागतं.

शेवटचा प्रश्न आम्ही तुम्हाला विचारतो : मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रावणात) सीरम किती आहे? 10 टक्के असेल तर उत्तर तिथेच मिळालं. सीरम कायिक पेशींना खतासारखं लागू पडतं. क्योतोच्या पद्धतीत ते 1 टक्का आहे, कुबोतांच्या पद्धतीत अजिबात नाही.

प्रश्न : मीडियममध्ये काय, किती आणि कशासाठी घालायचं?

उत्तर : कुबोता पद्धतीचं मीडियम देतो, कारण त्यात प्रत्येक घटक माहीत असतो. काही बिघडलं तर शोधायला सोपं जातं.

पाया एमईएम-अल्फा हे तयार पोषक द्रावण. त्यात बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) 0.2 टक्के, इन्सुलिन 5 आणि लोहयुक्त ट्रान्सफेरिन 10 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, सेलेनियम 30 नॅनोमोलर, प्युट्रेसिन 60 मायक्रोमोलर, बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल 50 मायक्रोमोलर, ग्लुटामिन 2 मिलिमोलर, हेपीस 10 मिलिमोलर आणि मुक्त मेदाम्लांचं मिश्रण (पामिटिक, पामिटोलेइक, स्टिअरिक, ओलेइक, लिनोलेइक, लिनोलेनिक). वापरण्याच्या दिवशी वाढघटक घालायचे : जीडीएनएफ 20 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, विद्राव्य जीएफआर-अल्फा-1 150 नॅनोग्रॅम आणि एफजीएफ-2 1 नॅनोग्रॅम.

यातलं जीडीएनएफ काढलं तर बाकी सगळं असूनही उपयोग नाही. शरीरात जीडीएनएफ मुख्यतः सर्टोली पेशींकडून बनतं. मूलपेशीच्या पृष्ठभागावरच्या जीएफआर-अल्फा-1 आणि रेट या ग्राहक प्रथिनांना (रिसेप्टर) ते जोडलं गेलं की आतली साखळी चालू होते आणि पेशी विभाजित होऊनही मूलपेशीच राहते. जीडीएनएफ कमी असलेल्या उंदरांत मूलपेशींचा साठा हळूहळू संपतो आणि ते जास्त असलेल्या उंदरांत न घडलेल्या पेशींचे ढीग साचतात, हे 2000 साली दिसून आलं. ताटलीतला प्रकार याहून वेगळा नाही. जीएफआर-अल्फा-1 बाहेरून घालणं डीबीए/2 पेशींना फारसं लागत नाही, पण हट्टी वंशावळींत त्यानेच फरक पडतो.

चुका कुठे होतात ते आता सांगतो. पहिली आणि सर्वांत फसवी बीएसएची. ते गायीच्या रक्तापासून येतं, त्याला चिकटलेली मेदाम्लं आणि इतर अशुद्धी दर बॅचला वेगळी असतात. एका बॅचवर बहरलेल्या पेशी दुसरीवर चार दिवसांत मरतात. म्हणून नवी बॅच घेण्याआधी नमुने मागवून दोन पॅसेजपर्यंत शेजारी-शेजारी तुलना करा आणि पसंत पडलेली बॅच वर्षभर पुरेल इतकी घ्या.

दुसरी अ जीवनसत्त्वाची. बी-27 हे मिश्रण वापरत असाल तर अ जीवनसत्त्व नसलेलंच घ्या. अ जीवनसत्त्वापासून पेशी रेटिनॉइक आम्ल बनवतात, आणि ते शुक्रजनक पेशींना पुढच्या वाटेला लागण्याची आज्ञा आहे. वेलमध्ये पेशी दिसत राहतील, मूलपेशी मात्र उरणार नाहीत.

तिसरी वाढघटक हाताळण्याची. एफजीएफ-2 हे 37 अंशांना लवकर निष्प्रभ होतं, म्हणून मीडियम दर 2-3 दिवसांनी बदलायचं. शनिवार-रविवार जोडून सुटी आहे म्हणून पाच दिवसांवर ढकलायचं नाही. पावडर विरघळवताना 0.1 टक्के बीएसए घाला, नाहीतर इतक्या कमी मात्रेतलं प्रथिन नळीच्या भिंतीलाच चिकटून बसतं. एकवेळच्या वापराचे भाग करून गोठवा. वितळवलेला भाग पुन्हा गोठवू नका.

प्रश्न : फीडरचा (मूलपेशींखाली आधाराला घातलेल्या पेशींचा) थर दर वेळी पाच-सहा दिवसांत चादरीसारखा सुटून येतो. एसटीओ चांगल्या की भ्रूणातले फायब्रोब्लास्ट?

उत्तर : दोन्ही चालतात. एसटीओ ही उंदराच्या फायब्रोब्लास्टची कायम वाढत राहणारी वाण आहे, म्हणून पुरवठ्याची चिंता नाही. भ्रूणातले फायब्रोब्लास्ट पॅसेज 3 ते 5 च्या आत वापरावे लागतात. थर सुटण्याची कारणं दोघांत सारखीच.

जिलेटिन 0.1 टक्के, किमान अर्धा तास, आणि पेशी घालेपर्यंत ते सुकू द्यायचं नाही. विभाजन थांबवण्यासाठी मायटोमायसिन-सी 10 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, 3 ते 4 तास. नंतर चार वेळा धुवा. अंशभर मायटोमायसिन उरलं तरी ते मूलपेशींना मारतं, आणि फीडर ठणठणीत दिसत असल्यामुळे संशय तिकडे जात नाही. ते विषारी आहे : हातमोजे घाला आणि धुतलेलं पाणी वेगळं गोळा करा.

घनता प्रति चौरस सेंटिमीटर 50,000. यापेक्षा दाट झाल्या की पेशी एकमेकींना ओढतात आणि काठापासून चादर उचलली जाते. विरळ झाल्या तर पुंजक्यांना बसायला जागा मिळत नाही. नजरेच्या अंदाजाने घालू नका, मोजा. फीडर आदल्या दिवशी घाला, तीन-चार दिवसांत वापरा आणि सीरमरहित मीडियम घालण्याआधी एकदा धुऊन घ्या. त्यावर मूलपेशी आठवड्याभरापेक्षा जास्त ठेवायच्या नाहीत. तुमचा थर पाचव्या दिवशी सुटतो, तेव्हा आमचा पहिला संशय घनतेवर आहे.

प्रश्न : पॅसेज कधी आणि किती पट करायचा? निरोगी पुंजका कसा ओळखायचा?

उत्तर : 12 वेलच्या प्लेटमध्ये दर वेलला 50,000 ते 1 लाख निवडलेल्या पेशी घातल्या तर आठवडा-दीड आठवड्यात पुंजके दिसू लागतात. निरोगी पुंजका द्राक्षांच्या घोसासारखा असतो : पेशी एकमेकींना बिलगलेल्या, कडा नितळ, फीडरवर सैल टेकलेला. सुट्या गोल पेशींच्या साखळ्या दिसू लागल्या तर त्या पुढच्या वाटेला लागल्या आहेत. पुंजका मधोमध काळपट झाला असेल तर पॅसेजला उशीर झाला आहे.

पहिला पॅसेज दोन आठवड्यांनी, पुढचे दर 6-7 दिवसांनी. पुंजके सैल असतात याचा फायदा घ्या. पिपेटने मीडियमची हलकी धार मारून पुंजके उठवा, फीडर तिथेच राहू द्या. गोळा केलेले पुंजके ट्रिप्सिनने सुटे करून नव्या फीडरवर घाला. सगळी वेल सरसकट ट्रिप्सिनने उकलली तर जुना फीडर आणि कायिक पेशी दर वेळी पुढे जातात.

विभागणी एकास दोन, फार तर एकास तीन. भ्रूणीय मूलपेशींची सवय असलेले लोक एकास दहा करून बसतात आणि पेशी नाहीशा झाल्या म्हणतात. कुबोतांच्या कामात मूलपेशी दुप्पट व्हायला 5.6 दिवस लागले. या वेगाने 56 दिवसांत 10 दुपटी, म्हणजे 1,024 पट. वेग कमी वाटतो, पण वाढ टिकते : क्योतोच्या गटाने याच जातीच्या पेशी 24 महिने वाढवल्या. त्या काळात त्या सुमारे 10 च्या 85 व्या घाताइतक्या पट वाढल्या आणि तरीही त्यांची गुणसूत्रं व जनुकांवरच्या पितृक खुणा (जनुक वडिलांकडून आल्याच्या रासायनिक खुणा) स्थिर राहिल्या. त्यापासून पिल्लंही जन्मली.

गोठवणं सोपं आहे. 10 टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारा द्रव) आणि सीरम, मिनिटाला सुमारे 1 अंश या गतीने उणे 80 पर्यंत, मग काही दिवसांतच द्रव नायट्रोजनमध्ये. वितळवताना 37 अंशांच्या पाण्यात झटपट, पण मीडियम थेंबाथेंबाने मिसळा, नाहीतर आतल्या डीएमएसओमुळे पेशीत पाणी भरून ती फुटते. इथलं सीरम धुऊन जातं, त्यामुळे ते नडत नाही. उंदरांच्या मूलपेशी 14 वर्षांहून अधिक गोठवून ठेवल्यावरही त्यांच्यापासून प्रजननक्षम पिल्लं मिळाली आहेत. पॅसेज 5 च्या आत किमान दहा नळ्या गोठवा. हे न केल्यामुळे दोन वर्षांचं काम एका बिघडलेल्या इनक्यूबेटरमागे गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

प्रश्न : माझ्या 95 टक्के पेशी पीएलझेडएफ ही प्रथिनखूण दाखवतात. तरी परीक्षक म्हणतात की त्या मूलपेशी असल्याचं सिद्ध झालेलं नाही. त्यांचं म्हणणं बरोबर आहे का?

उत्तर : बरोबर आहे. पीएलझेडएफ सगळ्याच अविभेदित (अजून वाटेला न लागलेल्या) शुक्रजनक पेशींत असतं, आणि त्यातल्या बऱ्याच पेशी वाटेला लागण्याच्या तयारीत असतात. आयडी-4 आणि जीएफआर-अल्फा-1 मूलपेशीच्या अधिक जवळ नेतात, सी-किट दिसलं तर पेशी पुढे सरकली असं समजायचं. पण रंगवलेली खूण पेशी काय आहे ते सुचवते. ती काय करू शकते हे फक्त रोपणाने कळतं.

पेशी ओळखता याव्यात म्हणून दाता उंदीर निळा रंग देणारा लॅक-झेड किंवा हिरवा चमकणारा जीएफपी जनुक असलेला घ्या. ग्राहक उंदराला (ज्यात पेशी रोपायच्या त्याला) बुसल्फान हे औषध देऊन त्याच्या स्वतःच्या जननपेशी संपवतात. मात्रा वंशावळीनुसार बदलते, साधारण प्रति किलो 40 ते 60 मिलिग्रॅमच्या दरम्यान. ती जास्त झाली तर अस्थिमज्जा कोलमडून उंदीर दगावतात, म्हणून आपल्या वंशावळीसाठी आधी ठरवून घ्या. महिना-दीड महिन्यानंतर वृषणातून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म नलिकांतून काचेच्या सुईने सुमारे 10 मायक्रोलिटर पेशीद्रव सोडतात. त्यात ट्रिपॅन ब्लू हा रंग घातला की नलिका भरत जाताना दिसतात. दाता आणि ग्राहक एकाच वंशावळीचे हवेत किंवा ग्राहकाची प्रतिकारशक्ती क्षीण हवी. प्राणिप्रयोगांच्या नैतिक समितीची परवानगी अर्थातच आधी.

दोन महिन्यांनी वसाहती मोजा. एक वसाहत म्हणजे जागा पटकावलेली एक मूलपेशी. 10,000 पेशी सोडल्या आणि 20 वसाहती आल्या तर प्रमाण दर लाखाला 200. सोडलेल्या मूलपेशींपैकी सुमारे 12 टक्केच जागेवर पोचतात असं मोजमाप आहे. त्या हिशोबाने तुमच्या ताटलीत खऱ्या मूलपेशी दीड-पावणेदोन टक्के निघतात. पीएलझेडएफचे 95 टक्के आणि हे दीड टक्के, यांतली दरी पाहिली की परीक्षकांचा आग्रह पटेल. हीच मोजणी पॅसेज 5, 10 आणि 20 ला करा. दर लाखामागच्या वसाहती घटत असतील तर पेशी वाढताहेत आणि मूलपेशी हरवताहेत.

प्रश्न : मधूनच एक-दोन पुंजके चकचकीत, घट्ट, घुमटासारखे दिसतात. हे चांगलं लक्षण का?

उत्तर : नाही. ते वेगळे काढा. नवजात उंदरांच्या वृषणपेशींतून क्वचित भ्रूणीय मूलपेशींसारख्या बहुशक्तिक (शरीरातली कोणतीही पेशी होऊ शकणाऱ्या) पेशी निपजतात, हे 2004 साली दिसलं. त्या रोपल्या तर शुक्राणू न घडता गाठी होतात. त्या झपाट्याने वाढतात, त्यामुळे काही पॅसेजमध्ये सगळी वेल त्यांची होऊ शकते.

प्रश्न : वृषण शरीरापेक्षा थंड असतं. मग इनक्यूबेटर 34 अंशांवर ठेवावा का? ऑक्सिजनचं काय?

उत्तर : मूलपेशींची वाढ 37 अंश आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्येच केली जाते. ताटलीत शुक्राणू घडवायचे असतील तर गोष्ट वेगळी : 2011 साली ताकेहिको ओगावा यांच्या गटाने नवजात उंदराच्या वृषणाचे तुकडे अ‍ॅगरोजच्या ठोकळ्यावर, हवा आणि मीडियमच्या सीमेवर ठेवून शुक्राणू मिळवले, तिथे 34 अंश लागतात. ऑक्सिजन 10 टक्क्यांवर आणून ग्लायकोलिसिसला (ऑक्सिजनविना साखर तोडून ऊर्जा मिळवण्याला) अनुकूल स्थिती ठेवली तर पुनर्निर्मितीची क्षमता जास्त काळ टिकते, असं 2017 मध्ये दाखवलं गेलं. सोय असेल तर जरूर करा. सोय नसेल तर तो पैसा आधी मायकोप्लाझ्माच्या (पेशींना लागणाऱ्या अतिसूक्ष्म जीवाणूंच्या) दरमहा पीसीआर तपासणीवर खर्च करा. मायकोप्लाझ्मा मीडियम गढूळ करत नाही, वाढ फक्त मंदावते आणि दोष जीडीएनएफवर जातो.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला कर्करोगाचे उपचार सुरू व्हायचे आहेत. त्याच्या मूलपेशी काढून, वाढवून पुढे परत देता येतील का?

उत्तर : ताई, सर्वांत आधी वेळेचं सांगतो. हा विषय उपचार सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांकडे काढा, कारण काही औषधं आणि किरणोपचार मूलपेशी कायमच्या नष्ट करू शकतात. सगळ्या उपचारांचा धोका सारखा नसतो. तुमच्या मुलाच्या औषधांचा किती आहे, हे नेमकं विचारा.

वयात आलेल्या मुलांचे शुक्राणू गोठवता येतात, ती रुळलेली पद्धत आहे. नऊ वर्षांच्या मुलात शुक्राणू नसतात. त्याच्या वृषणाचा लहानसा तुकडा गोठवून ठेवण्याची सोय काही रुग्णालयांत संशोधन म्हणून आहे. त्यातून पुढे मूल होईल अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. आशेला आधार मात्र आहे : 2012 मध्ये ऱ्हीसस माकडांत स्वतःच्याच गोठवलेल्या मूलपेशी परत रोपून शुक्राणू मिळाले, आणि 2019 मध्ये वयात येण्याआधी गोठवलेल्या वृषणाच्या तुकड्यापासून माकडाचं एक निरोगी पिल्लू जन्मलं.

माणसाच्या मूलपेशी ताटलीत वाढवणं अजून पक्कं झालेलं नाही. 2009 मध्ये त्या महिनोन्महिने वाढवल्याचं प्रसिद्ध झालं, पण उंदरांसारखी सर्वांना जमणारी पद्धत त्यातून उभी राहिली नाही. मानवी वृषणातल्या कायिक पेशी लवकर वरचढ होतात. रक्ताच्या कर्करोगात आणखी एक धोका आहे : तुकड्यात कर्कपेशी लपलेल्या असतील तर त्या परत शरीरात जातील. त्यामुळे पेशी वाढवून वंध्यत्व बरं करतो असं सांगून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. तुकडा गोठवायचा निर्णय घेतलात तर तो किती वर्षं ठेवतील, खर्च कोण करेल आणि मुलगा सज्ञान झाल्यावर हक्क कोणाचा, हे लेखी घ्या.

प्रश्न : कोंबड्यांच्या दुर्मीळ जातींचं जतन करायचं आहे. उंदरांची ही पद्धत चालेल का?

उत्तर : नाही, आणि तुमच्यासाठी ती लागणारही नाही. पक्ष्यांचं अंडं भरपूर बलकामुळे गोठवता येत नाही, पण त्यांच्या भ्रूणातल्या आदिम जननपेशी रक्तातून प्रवास करतात. अडीच दिवस उबवलेल्या अंड्यातल्या भ्रूणाच्या महाधमनीतून काचेच्या केशनळीने 1 ते 3 मायक्रोलिटर रक्त घ्या आणि प्रत्येक भ्रूणाचं रक्त वेगळ्या वेलमध्ये ठेवा. फीडर लागत नाही, पेशी तरंगत वाढतात. कॅल्शियम 0.15 मिलिमोलरच्या आसपास ठेवावं लागतं, नेहमीच्या मीडियममध्ये पेशींचे गठ्ठे होतात. वाढघटक एफजीएफ-2 4 नॅनोग्रॅम आणि अ‍ॅक्टिव्हिन-ए 25 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, सोबत इन्सुलिन. क्षारांची तीव्रता सस्तन प्राण्यांच्या मीडियमपेक्षा कमी असते.

पहिले दोन आठवडे लाल रक्तपेशींच्या गर्दीत काहीच दिसत नाही आणि अनेक जण तिथेच प्लेट फेकून देतात. थांबा. रक्तपेशी मरत जातात आणि मोठ्या, गोल, आत मेदाचे चमकते थेंब असलेल्या पेशी उरतात. तीन ते चार आठवड्यांत त्या लाखाच्या घरात गेल्या की गोठवा. त्याआधी डब्ल्यू गुणसूत्राच्या (जे फक्त मादीत असतं) पीसीआरने नर-मादी ओळखून नळीवर लिहा. परत वापरताना त्या त्याच वयाच्या दुसऱ्या भ्रूणाच्या रक्तात सोडतात आणि त्या आपणहून जननग्रंथीत जाऊन बसतात. जातीचं जतन करायचं तर नर आणि मादी दोन्हींच्या, एकमेकांशी नातं नसलेल्या जास्तीत जास्त भ्रूणांच्या नळ्या ठेवा. एकाच भ्रूणाच्या शंभर नळ्यांनी विविधता वाढत नाही.